मागची दांडी

तोकिए मावशी मला पहिल्यांदा ओरडली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आता एकोणचाळीसची आहे, आणि तिचं ओरडणं अजून चालूच आहे. विषयसुद्धा तोच. "चिना, डोकं हलतंय तुझं!"

माझं पूर्ण नाव चिनात्सु, पण आमागासाकीच्या बाजारगल्लीत पूर्ण नावानं हाक मारायला कोणाला वेळ असतो? मासेवाली आणि चपलांचं दुकान यांच्या मधोमध मारुफुकु गेम सेंटर होतं. होतं म्हणायला अजूनही जीभ जड होते. पुढे बाहुल्या उचलायची यंत्रं, मध्ये गाड्यांच्या शर्यती, आणि अगदी मागच्या भिंतीला नाचाचं मशीन. समोर पडदा, पायाखाली चार बाण, पाठीमागे धरायला एक स्टीलची दांडी. गाणं लागलं की पडद्यावर बाण वर सरकतात, ते ठरल्या रेषेवर आले की ठेक्यात तोच बाण पायानं दाबायचा. बास, एवढाच खेळ. समजायला अर्धा मिनिट लागतं. जमायला किती, ते विचारू नका.

तोकिए उमेमोतो तिथं नोकरीला होती. सुटे पैसे देणं, फरशी पुसणं, मशीन अडलं की पाना-पेचकस घेऊन त्याच्या पोटात शिरणं, सगळं तीच. त्याआधी एकोणीस वर्षं तिनं शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवल्या. कारखाना बंद पडला, ती इथं आली. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा आगाऊपणानं विचारलं होतं. "एक जण बघायला आला होता," ती म्हणाली. "चहा पिताना टेबलावर बोटं वाजवत होता. ठेका नव्हता मेल्याला. आयुष्यभर कोण ऐकणार?"

नाचाचं मशीन आलं तेव्हा आम्ही पोरी त्यावर नुसत्या उड्या मारायचो. ती तीन दिवस फरशी पुसता पुसता बघत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी, हॉल उघडायच्या आधी, एप्रन न काढता मशीनवर चढली. दोन्ही हात मागे नेऊन दांडी धरली, आणि जे काही चालू झालं ते मी शटरखालून वाकून पाहिलंय. पाय दिसत नव्हते इतके चालत होते. पण कमरेच्या वर बाई ढिम्म! मान सरळ, डोकं जागच्या जागी. फक्त वरचं अंग बघितलं असतं तर वाटलं असतं, बसची वाट बघत उभी आहे. एकोणीस वर्षं सुईखाली कॉलर धरून पायानं मशीन चालवलं होतं तिनं. वरचं अंग हललं तर शिवण बिघडते, हे तिच्या हाडात बसलेलं.

मग काय, तिनं शाळाच उघडली. आणि शाळेचे नियम कडक. एका पाळीला तीन गाणी. तीन झाली की टॉवेलनं दांडी पुसायची, डाव्या बाजूनं उतरायचं, आणि मागच्याला वाकून म्हणायचं, "पुढचे या." मागे कोणी नसलं तरी म्हणायचं. एका गाण्याएवढा वेळ बाजूला थांबायचं, कोणी येतंय का बघायचं, मगच पुन्हा चढायचं. मी एकदा घाईत उजवीकडून उतरले, तर सगळ्या हॉलसमोर मला परत वर चढवून डावीकडून उतरवलं. वर हातात लिंबाची गोळी ठेवली. ती गोळी सगळ्यांना मिळायची, ओरडा खाल्लेल्यांना दोन.

मी मोठी झाले आणि पोटापाण्यासाठी खेळच बनवायला लागले. ओसाकात ओनिशी-सान यांचा एक छोटा स्टुडिओ आहे, आम्ही सहा माणसं. माझं काम वेळेचं. म्हणजे गाण्याचा ठोका आणि पडद्यावरचा बाण एकाच क्षणी यावेत, हे बघायचं. अठरा वर्षं हेच करतेय. तर मागच्या वर्षी ओनिशी-सान नाचत नाचत ऑफिसात आले. त्या जुन्या नाचाच्या खेळाची मूळ मालक कंपनी आहे, तिनं आमच्या स्टुडिओला काम दिलं होतं. तोच खेळ व्हर्च्युअल रिअॅलिटीत आणायचा. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर मशीन, चारी बाजूंना हॉल, आणि तुम्ही आपले घरच्या घरी नाचताय!

त्याच महिन्यात मारुफुकु बंद होणार असल्याची पाटी लागली. एकतीस मार्च शेवटचा दिवस. त्या जागेत दातांचा दवाखाना येणार होता. नाचाचं मशीन भंगारात जाणार, कारण त्याचे सुटे भाग कधीच मिळेनासे झाले होते. मावशीच न्हाणीघरातल्या चटईचे तुकडे बाणांखाली घालून ते जिवंत ठेवत होती.

मी गेले तेव्हा ती दांडीच्या उजव्या टोकाला नवी टेप गुंडाळत होती. पिवळी टेप. तिथला पत्रा सोलला होता, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून.

"हॉलचं काही नाही गं," ती म्हणाली. "हॉल काय, बंद होतात. पण एकोणसत्तराव्या वर्षी मी नाचू कुठं आता? स्टेशनसमोर? पोलीस पकडून नेतील म्हातारीला."

तिनं ते हसत हसत म्हटलं, पण टेपचं टोक काही तिला सापडेना. मला राहवलं नाही. "मावशी, मी आणते तुमचं मशीन तुमच्या घरात. एक एप्रिलला तुम्ही घरी नाचाल. शब्द देते."

"घर सहा चटया मावतील एवढंच आहे माझं."

"चष्म्यात आणते."

"चष्म्यात?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "बरी आहेस ना?"

शब्द देताना माणूस किती शूर असतो! ऑफिसात गेले आणि शौर्य उतरलं. कारण ते हेडसेट. त्याला तीनच गोष्टी कळतात. एक डोकं, कारण ते त्याच्या आतच असतं, आणि दोन कंट्रोलर, जे दोन हातांत धरायचे असतात. माणसाला पाय असतात हे त्याच्या गावीही नाही. आणि आम्ही त्यावर काय आणायला निघालो होतो? पायांचा खेळ!

ओनिशी-सानना काळजी हा प्रकार माहीत नाही. ते म्हणाले, "मग बाण हातांनी मारू. वरून येतील, फटाफट मारायचे. झकास!"

बुधवारी हॉलला सुट्टी असायची. त्या बुधवारी मी मावशीला ऑफिसात आणलं. तिनं आधी सहाही जणांना गोळ्या वाटल्या, मग हेडसेट चढवला, हातांत कंट्रोलर घेतले. अर्धं गाणं झालं नसेल, तोच सगळं काढून टेबलावर ठेवलं.

"ओनिशी-सान, राग मानू नका. पण हे डास मारणं झालं."

आमचा चित्रकार कुरामोची, त्याच्या नाकातून चहा आला. ओनिशी-सान मात्र गंभीरपणे वहीत लिहून घेत होते, 'डास'.

"आणि गाणं उशिरा येतंय," मावशी माझ्याकडे बघून म्हणाली.

आता हे माझं खातं. "नाही येत. मी मोजलंय."

"येतंय."

"मावशी, यंत्रानं मोजलंय मी!"

"मग यंत्रालाही उशिरा येत असेल."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ती गेल्यावर पुन्हा मोजलं, ती चूक आहे हे दाखवायलाच. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले अठरा भाग उशीर होता. आधी राग आला, मग लाज वाटली, मग गुपचूप दुरुस्त केलं. तिला सांगितलं नाही. माझी पण काही इज्जत आहे.

पण डास मारणं मलाही पटत नव्हतं. मग मला एक शक्कल सुचली. माणूस डावीकडे पाऊल टाकतो तेव्हा त्याचं डोकंही जरासं डावीकडे जातं आणि खाली दबतं. डोकं तर हेडसेटला कळतंच! मग डोक्यावरून पाय ओळखायचा. तीन आठवडे मी त्याच्या मागे होते. ऑफिसातल्या सहाही जणांना नाचवलं, खालच्या नूडलवालीला नाचवलं, कुरिअर घेऊन आलेल्याला बूट काढायला लावून नाचवलं. सगळ्यांचे पाय बरोबर ओळखले! मी तर हवेत. ओनिशी-सान म्हणाले, "बोलव उमेमोतो-सानना, आता खुश होतील."

मावशी आली. मागे दांडी नाही म्हणून हात अस्वस्थ व्हायला लागले तिचे, तेव्हा आम्ही पाठीशी एक टेबल सरकवून दिलं. तिनं काठ धरला. गाणं लागलं, सगळ्यात अवघड. पाय सुरू झाले. ऑफिसची जमीन थरथरत होती, आम्ही सगळे कामं सोडून बघत होतो. काय नाचली! आणि हेडसेटमधलं बाहेर दिसायचं त्या भिंतीवरच्या पडद्यावर काय आलं सांगू? 'आपण तयार आहात का?'

ती नाचतेच आहे. पुन्हा आलं, 'आपण तयार आहात का?' मग तिसऱ्यांदा. गाणं संपलं. गुण शून्य.

मला समजायला एक क्षण लागला, आणि समजलं तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिचं डोकं हललंच नव्हतं. कॉलर शिवणारी बाई ती. कुरिअरवाला पाय आपटत, डोकं नाचवत पास झाला, आणि पंचवीस वर्षांत ठेका न चुकलेल्या बाईबद्दल माझ्या खेळाला वाटत होतं की ही अजून सुरूच झालेली नाही.

तिनं हेडसेट काढला. केस चिकटले होते कपाळाला. "म्हणजे मी नाचतच नव्हते होय?"

"तसं नाही हो मावशी. खेळाची चूक आहे, माझी चूक आहे."

"सगळ्यांना मी डोकं स्थिर ठेवायला शिकवलं. आणि याला तेच दिसत नाही." ती हळू आवाजात बोलत होती, आणि मला तिचं ओरडणं हवं होतं. त्या दिवशी गोळ्या न वाटताच गेली.

कुरामोचीला हे फार लागलं. तसा तो माणूस दगड आहे, बायकोच्या वाढदिवसाला कॅलेंडर आणलं होतं त्यानं. पण त्यानं स्वतःच्या वेळात मारुफुकुला जाऊन तीनशे फोटो काढले आणि अख्खा हॉल हेडसेटमध्ये उभा केला. फरशीवरचा डाग, छतातली फडफडणारी ट्यूब, मशीनवरचे ओरखडे. मागची दांडीसुद्धा. तिच्यावरचा पोचा, उजव्या टोकाची पिवळी टेप, टेपचं निघालेलं टोक, सगळं. नुसतं दाखवायला म्हणून त्यानं मावशीला पुन्हा बोलावलं. नाचायचं नव्हतं, म्हणून टेबल आम्ही भिंतीला लावून ठेवलं होतं.

ती हेडसेट घालून आत गेली आणि "अगं बाई!" म्हणाली. मान वळवून वळवून बघत होती. "ट्यूब पण आहे की! ही मी गेल्याच आठवड्यात बदलली." मग मागे वळून तिनं दांडी पाहिली, टेप पाहिली. पुढे वळली, नेहमीसारखे दोन्ही हात मागे नेले आणि आरामात रेलली.

धप्प.

तो आवाज मी विसरणार नाही. कुरामोची पांढराफटक. मावशी जमिनीवर बसलेली, मनगट छातीशी धरून. हाड वाचलं, मुरगळलं फक्त. पण दवाखान्यातून पट्टी बांधून येताना ती एकच वाक्य म्हणाली. "टेप माझीच होती गं."

ओनिशी-सानना पहिल्यांदाच काळजी म्हणजे काय ते कळलं, आणि एकदमच कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "पाय बंद! दांडी बंद! हातांचाच खेळ. येत्या शुक्रवारी मालक कंपनीची माणसं बघायला येणार आहेत, त्यांना तोच दाखवायचा. त्यांनी मान डोलावली की विषय संपला." बरोबर होतं त्यांचं. उद्या कोणा दुसऱ्याची आजी पडली म्हणजे? आणि मान डोलावली गेली की पायांचा खेळ कायमचा गेला, हेही मला समजत होतं.

त्याच दुपारी मारुफुकुला गेले. मशीनवर कोणी नव्हतं. मावशी पट्टीच्या हातानं टॉवेल फिरवत होती.

"मावशी, मला नाही जमलं." उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "शब्द दिला होता, मोडला. शुक्रवारी डास मारणंच दाखवणार आहेत. मला माफ करा."

तिनं एप्रनच्या खिशातून गोळी काढली. एक नाही, दोन. मग मशीनच्या कडेवर बसली.

"मला एक सांग. त्या डब्याला हात कसे कळतात?"

"हातातल्या कंट्रोलरमुळे. ते दोन दांडके असतात ना, ते कुठं आहेत ते त्याला समजतं."

"म्हणजे हात नाही कळत. दांडके कळतात."

"हो, तेच ते."

"मग ते माझ्या हातात कशाला देता?" ती म्हणाली. "हातांना आपल्या खेळात काम काय? दांडी धरायची. दांडके पायाला बांधा की."

मी असा कपाळावर हात मारला की गाडीच्या शर्यतीवरचा माणूस वळून बघायला लागला. अठरा वर्षं! अठरा वर्षं हे काम करतेय मी, आणि जगातल्या झाडून सगळ्या कंट्रोलरांवर हाताचं चित्र असतं म्हणून मी ते हातातच धरून बसले होते.

"मावशी, तुमचे पाय कुठंयत?" मी म्हटलं. "पडू द्या पाया."

"पाय नको पकडू, ठेका चुकेल," ती म्हणाली. "थंडीत पोटाला बांधायची माझी लोकरीची पट्टी जुनी झालीय. तिचे दोन खिसे शिवते, घोट्याला बसतील असे. शुक्रवार म्हणजे तीन दिवस आहेत. तू तुझं शिव."

तीन दिवस आम्ही दोघी शिवत होतो, ती लोकर आणि मी वेळ. ती संध्याकाळी ऑफिसात यायची, खिसे घोट्याला चढवून पाय आपटायची, मी समोर आकडे बघायचे. "उशिरा." बदल करायचे. "आता लवकर." पुन्हा बदल. "आता वेडंवाकडं." शेवटी गुरुवारी ती एकदा पाय आपटून थांबली, पुन्हा आपटला, आणि काही बोललीच नाही. मला तेवढं पुरे होतं. ओनिशी-सान मध्येच डोकावले, आमच्याकडे बघून हताशपणे म्हणाले, "निदान ह्या वेळी मागे काहीतरी खरं ठेवा हो." त्याला मी परवानगी समजले.

पण दांडीचा घोळ होता. मशीनची दांडी काढून द्यायला मावशी तयार होईना. "एकतीसपर्यंत ते लोकांचं मशीन आहे. मी काढून नेली तर पुढचा काय धरेल?" शेवटी कुरामोचीनं घरून कपडे वाळत घालायची स्टीलची दांडी आणली. शुक्रवारी मालक कंपनीचे दोन सुटाबुटातले साहेब आले तेव्हा त्यांच्यासमोरचं दृश्य असं होतं. मधोमध एकोणसत्तर वर्षांची बाई, घोट्यांना जांभळ्या लोकरीचे खिसे, डोळ्यांवर हेडसेट, एका मनगटाला पट्टी. तिच्या मागे कपड्यांची दांडी, एक टोक ओनिशी-सानच्या खांद्यावर, दुसरं कुरामोचीच्या. दोघंही घामाघूम.

"आजी खेळणार आहेत?" थोरल्या साहेबांनी मला हळूच विचारलं.

"बघा तुम्ही," मी म्हटलं.

गाणं लागलं, तेच सगळ्यात अवघड. ह्या वेळी 'आपण तयार आहात का' आलं नाही. पहिला बाण, बरोबर. दुसरा. दहावा. पडद्यावर नुसती रांग लागली. वर डोकं ढिम्म, खाली पाय, आणि भिंतीवर प्रत्येक पाऊल मोजलं जात होतं, प्रत्येक! माझे डोळे भरून आले, लपवायला मी आकडे बघण्याचं सोंग केलं. सबंध गाण्यात दोन बाण चुकले. हेडसेट काढल्या काढल्या ती कुरामोचीवर उखडली. "दोनदा श्वास घेतलास तू! दांडी हलली!"

"उमेमोतो-सान, तीन मिनिटं होती हो!"

"मी घेतला का श्वास?"

थोरले साहेब उठले. कोट काढला आणि म्हणाले, "मला बांधून द्याल?" मावशीनं स्वतः खाली बसून खिसे बांधले त्यांच्या घोट्यांना. चार बाण झाले नाहीत तोच तिचा आवाज. "साहेब, डोकं!"

त्यांनी पायांचा खेळ ठेवला. पण कुठं? सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत. हातांचाच मुख्य, पायांचा ज्याला हवा त्यानं शोधून काढावा, आणि मागे खरी दांडी किंवा भिंत असल्याशिवाय उघडू नये अशी लाल अक्षरात सूचना. ओनिशी-सान म्हणाले, "तिसरं पान तर तिसरं पान!" मलाही त्या दिवशी तेवढ्यात जग जिंकल्यासारखं वाटलं.

एकतीस मार्चला मारुफुकुत गर्दी झाली. कुठून कुठून जुन्या पोरी आल्या, कोणाच्या कडेवर मूल, कोणाचे केस पिकलेले. रांग पार मासेवालीपर्यंत गेली. मावशीनं शेवटपर्यंत कोणाला उजवीकडून उतरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्यानं चार बोल्ट काढून दांडी तिच्या हातात दिली, मशीन ट्रकवर चढवलं. ती ट्रककडे न बघता दांडीच्या टेपचं टोक दाबत उभी होती.

दुपारी आम्ही तिच्या घरी. तळमजल्यावर राहते, त्यामुळे खालच्यांची कटकट नाही. ओनिशी-सान आणि कुरामोची दांडी खांबाला पक्की करून, चारदा हलवून बघून, चहा पिऊन गेले. मी थांबले. तारीख एक एप्रिल. मी तिला हेडसेट चढवला. तिनं हात मागे नेले, आधी जपून, बोटांनी चाचपत. टेप हाताला लागली. मग रेलली. दांडीनं धरलं तिला.

"आहे गं," ती म्हणाली.

तीन गाणी नाचली. सहा चटयांची खोली, भिंतीवरचं घड्याळ थरथरत होतं, मी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, चिनात्सु, पाळलास बाई शब्द. इतकी खूश मी बऱ्याच वर्षांत झाले नव्हते.

तिसरं गाणं संपलं. तिनं कमरेचा टॉवेल काढला, चाचपत चाचपत दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. मग डाव्या बाजूनं एक पाऊल उतरली, तिथं पायरी नव्हती तरी उतरली, आणि वाकून म्हणाली, "पुढचे या."

आणि थांबली. हेडसेट तसाच होता डोळ्यांवर. तोंड त्या बाजूला, जिथं मारुफुकुत रांग असायची. ती एका गाण्याएवढा वेळ थांबणार होती, तिचाच नियम. कुरामोचीनं तीनशे फोटो काढले होते, डाग चितारला होता, ट्यूब चितारली होती. माणूस एकही चितारला नव्हता. आणि मी? मी तिला नाचायला जागा आणून दिली होती. तिच्या मागे कोण उभं राहणार, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"कोणी नाही का गं?" ती म्हणाली. तक्रार नव्हती. बघत होती नुसती, त्या रिकाम्या हॉलात.

"आहे ना!" मी उठले. "मी आहे. केव्हाची उभी आहे मावशी, तुमचीच तीन गाणी संपत नव्हती."

"मग बोलायचं नाही का, ठोंब्ये!"

मी मोजे काढले. तिनं वाकून ते लोकरीचे खिसे आपल्या घोट्यांवरून काढले आणि माझ्या घोट्यांना चढवले, अजून गरम होते. हेडसेट माझ्या डोळ्यांवर आला. समोर हॉल, फडफडणारी ट्यूब, आसपास कोणी नाही. मी हात मागे नेले, दांडी धरली. गाणं लागलं. पाचव्या की सहाव्या बाणाला, डावीकडून, बरोब्बर जिथं रांग असायची तिथून आवाज आला.

"चिना, डोकं हलतंय तुझं!"